लहान मुलांचा इसब: औषध बदलण्याआधी क्रम बदला

लहान मुलाच्या इसबाला लागणारी औषधं कोल्हापुरात कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, आणि ती महागही नाहीत. तरीही तीच माणसं दर महिन्या-दीड महिन्याने परत येतात. "ओ दादा, पोराच्या अंगावर परत उठलंय. गेल्या वेळची ती ट्यूब द्या की." मी औषधाच्या दुकानात बसतो, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. दोन प्रश्न विचारले की गडबड कळते. ट्यूब बरोबर असते, पण मॉइश्चरायझर लावलेलंच नसतं. किंवा लावलेलं असतं, पण ते आंघोळीनंतर तासाभराने. किंवा लाली जरा कमी दिसली म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळं बंद केलेलं असतं.

हा लेख साधारण तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. डॉक्टरांनी 'अटोपिक डर्मटायटिस' किंवा 'एक्झिमा' असं कागदावर लिहून दिलंय, आता घरी नेमकं काय करायचं, हे इथे क्रमाने सांगतो. डॉक्टरांना अजून दाखवलंच नसेल तर खालचा पहिला भाग वाचा आणि आधी दाखवून या.

## सुरुवातीला: हा इसबच आहे ना?

इसबाच्या जागा वयाप्रमाणे बदलतात. तान्ह्या बाळाला तो गालांवर, कपाळावर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. रांगायला-चालायला लागल्यावर कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्यामागे, मनगटाला, घोट्याला बसतो. लंगोटाखालची जागा बहुतेक वेळा स्वच्छ राहते, कारण तिथली कातडी कोरडी पडत नाही. खाज असतेच. खाज अजिबात नसेल तर बहुधा दुसरं काहीतरी आहे.

आपल्या सावळ्या कातडीवर पुस्तकात दाखवतात तशी गुलाबी लाली दिसत नाही. तपकिरी, जांभळट किंवा करडा डाग दिसतो, कधी नुसतेच बारीक खडबडीत पुरळ. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा. बाळाच्या पोटावरून बोट फिरवा आणि मग डागावरून फिरवा. एकीकडे रेशीम आणि दुसरीकडे बारीक रवा लागल्यासारखं वाटलं तर तिथे इसब चालू आहे, रंग काहीही असो. ही बोटाची परीक्षा पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहे.

सावधान, दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली खरूज. घरात आणखी कुणाला रात्रीची खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती पुरळ असेल, तान्ह्या बाळाच्या तळहातांवर किंवा तळपायांवर पुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं असतं आणि घरातल्या सगळ्यांनी ते एकाच दिवशी लावावं लागतं. दुसरी गोष्ट नायटा, म्हणजे गजकर्ण. गोल चकती, कडा उंच, मध्ये जरा साफ. या दोन्हींवर स्टेरॉइडचं मलम लावलं तर चार दिवस बरं वाटतं आणि आतल्या आत पसरत जातं. नंतर त्याचं मूळ रूप डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं.

## टप्पा १: तयारी. आधी घरात काय हवं, काय नको

मॉइश्चरायझर. बिनवासाचं, बिनरंगाचं, घट्ट. बाटलीतून पाण्यासारखं पडणारं 'बेबी लोशन' इसबाला पुरत नाही. पांढरं सॉफ्ट पॅराफिन म्हणजे साधी पेट्रोलियम जेली, किंवा पॅराफिन-ग्लिसरिनचं जाड क्रीम, दोन्ही चालतात. साधी पेट्रोलियम जेली स्वस्तही आहे आणि आग करत नाही. जास्त पैसे दिले म्हणजे चांगलं मिळालं, असं या बाबतीत होत नाही. उन्हाळ्यात आणि घामाच्या दिवसांत क्रीम, थंडीत मलम किंवा जेली, असं दोन प्रकारचं घरात ठेवलं तर सोयीचं पडतं. 'युरिया' किंवा 'सॅलिसिलिक' लिहिलेलं क्रीम मोठ्यांच्या भेगाळलेल्या टाचांचं असतं. लहान मुलाला ते झोंबतं.

किती लागेल, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅमपर्यंत मॉइश्चरायझर सहज लागतं, कधी त्याहून जास्त. ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरली, असं कुणी सांगितलं की ते लावलंच गेलेलं नाही, हे मला तिथेच समजतं. मोठा डबा घ्या. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्या. बोटांवरचे जंतू डब्यात जातात आणि तिथून रोज बाळाच्या अंगाला लागतात.

अंगाला लावायचा साबण. साबणाऐवजी बिनवासाचं सौम्य क्लेन्झर किंवा सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी. जिथे खरोखर मळ आहे तिथेच तो लावायचा: मानेच्या घड्या, काखा, शीची जागा. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरे.

सुती कपडे, नखं कापायचं छोटं नेलकटर, हातमोजे, आणि एक वही. वहीत रोज एक ओळ: कुठे उठलंय, काय लावलं, रात्री झोप कशी झाली.

घरातून बाजूला ठेवायच्या गोष्टी: टाल्कम पावडर, उटणं, डाळीचं पीठ, साय-हळद, आंघोळीच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक, कडुलिंबाचा उकळलेला पाला, आणि ओवा-बाळंतशेपाची धुरी. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींचा हात बसलेला असतो आणि त्यांची मायाही खरी असते. पण तेल चोळून मग डाळीच्या पिठाने ते खरवडून काढणं या कातडीला सोसत नाही. इसबाच्या कातडीचं संरक्षक कवच मुळातच कच्चं असतं. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं त्रासदायक ते आत शिरतं. त्यावर पीठ घासणं म्हणजे उरलेलं कवचही काढून टाकणं. मावशींना हे आदराने पण ठामपणे सांगा, त्या ऐकतात. खोबरेल तेल हलक्या हाताने लावलं तर हरकत नाही. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र नको.

तपासा: हातातल्या ट्यूबवर काय लिहिलंय ते आत्ताच वाचा. क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल, किंवा अशाच धाटणीची तीन-चार नावं एकाच ट्यूबवर असतील तर ती बाळासाठी नाही. ही मिश्रणाची मलमं खाज लगेच थांबवतात, म्हणून शेजारणीकडून शेजारणीकडे जातात. बिननावाच्या डबीतलं 'देशी मलम'ही तितकंच धोक्याचं. दोन दिवसांत चमत्कार करणाऱ्या अशा डबीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि ते कुठलं, किती, हे कुणालाच माहीत नसतं.

## टप्पा २: आंघोळ

रोज एकदा, पाच ते दहा मिनिटं, कोमट पाण्याने. 'इसब आहे, पाणी लावू नका' हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. पण आंघोळीने घाम, मळ आणि जंतू जातात, कातडी पाणी पिते. नुकसान कढत पाण्याने होतं आणि आंघोळीनंतर काहीच न लावल्याने होतं. बंबातलं पाणी काढलं की नेहमीच्या अंदाजापेक्षा जास्त विसावण घाला. बोटांनी न बघता मनगटाची आतली बाजू किंवा कोपर बुडवून बघा. गरम वाटलं नाही म्हणजे बरोबर. थंडीत बाळ कुडकुडतं म्हणून पाणी तापवत बसू नका, मोरीचं दार बंद करा.

काथ्या, घासणी, वजरी बाळाच्या जवळपासही नको. पाणी ओतायचं, तळहाताने हळू धुवायचं. मग मऊ सुती पंचाने टिपून घ्यायचं. घासून पुसायचं नाही. अंग पूर्ण कोरडं करायचं नाही, जरा ओलसरच राहू द्यायचं.

तपासा: आंघोळीला बसवण्याआधी मॉइश्चरायझर वाटीत काढून ठेवलंय का, कपडे हाताशी आहेत का, दार-खिडकी लावलीय का? बाळ पंचात गुंडाळून तुम्ही डबा शोधत फिरलात तर पुढचा टप्पा तिथेच गेला.

## टप्पा ३: मॉइश्चरायझर, तीन मिनिटांच्या आत

कातडीत शिरलेलं पाणी आंघोळीनंतर झपाट्याने उडून जातं. ते आत कोंडून ठेवायचं असेल तर टिपून घेतल्यावर साधारण तीन मिनिटांत लावलं पाहिजे. या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा मी महागड्या क्रीमने पडताना पाहिलेला नाही.

ते अख्ख्या अंगाला लावायचं, नुसत्या डागांना नाही. जिथे आज दिसत नाही तिथेही कातडी कोरडीच असते. छोटे-छोटे ठिपके अंगभर ठेवा आणि केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने पसरवा. गोल गोल चोळू नका. चोळलं की केसांची मुळं बंद होऊन पुळ्या येतात आणि खाजही चाळवते. लावल्यावर कातडी चमकली पाहिजे. लगेच सुकली तर कमी पडलंय.

दिवसातून किमान दोनदा. आंघोळीनंतर एकदा आणि झोपण्याआधी एकदा. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या पहाटेच्या दिवसांत, तीन-चारदा. जेवताना, लाळ गळताना बाळाच्या ओठांभोवतीची कातडी ओली-कोरडी होत राहते. भरवण्याआधी तिथे जेलीचा पातळ थर लावलात तर निम्मा त्रास तिथेच थांबतो.

सावधान: पॅराफिनचं मलम कपड्यात आणि अंथरुणात मुरतं, आणि असा कपडा लवकर पेट घेतो. मलम लावलेल्या बाळाला चूल, शेगडी, समई-निरांजन यांच्यापासून लांब ठेवा. मलमाचे कपडे रोज धुवा, तरी धुण्याने तो धोका पूर्ण जात नाही हे लक्षात असू द्या. आणखी एक, मलम लावलेलं बाळ हातातून सटकतं. फरशीवर बसूनच लावा.

## टप्पा ४: स्टेरॉइडचं मलम. सगळ्यात जास्त चुका इथेच

स्टेरॉइड म्हटलं की दोन टोकांची माणसं भेटतात. काहीजण घाबरून लावतच नाहीत, बाळ रात्र रात्र खाजवत राहतं. काहीजण खोबरेल तेलासारखं महिनोन्‌महिने लावतात. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेले दिवस लावलं तर हे औषध लहान मुलांनाही सुरक्षित आहे. बिघडतं ते ताकद, जागा आणि दिवस यातलं एखादं चुकलं म्हणजे.

ताकद टक्क्यावरून ओळखू नका. ही चूक शिकलेली माणसंही करतात. 'हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का' सौम्य आहे. 'मोमेटासोन ०.१ टक्का' त्याहून कितीतरी जोरदार. आणि 'क्लोबेटासॉल ०.०५ टक्के' सगळ्यात जोरदार, टक्का सगळ्यात कमी असूनही. त्यात 'क्लोबेटासोन' नावाचं एक मध्यम ताकदीचं औषध आहे, त्याचाही टक्का ०.०५ च. शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, आणि परिणामात जमीन-अस्मानाचा फरक. चिठ्ठी आणि ट्यूब शेजारी-शेजारी धरून अक्षर न्‌ अक्षर जुळवा. मेडिकलवाल्याने 'हे संपलंय, याच कंपनीचं दुसरं घ्या' म्हटलं तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका. मी स्वतः काउंटरच्या आत बसतो, तरी हेच सांगतो.

जागा. चेहरा, मान, काखा, जांघा इथली कातडी पातळ असते, औषध जास्त आत जातं. तिथे डॉक्टर सौम्य औषध देतात, तेही मोजके दिवस. हातापायांना वेगळी, जरा जोरदार ट्यूब दिलेली असते. घरात दोन ट्यूब असतील तर टोपणावर मार्करने 'तोंड' आणि 'हातपाय' लिहा. आई कामाला गेल्यावर आजी लावणार असेल तर हे हवंच. डायपरखाली स्टेरॉइड लावू नका. डायपर झाकणाचं काम करतो आणि औषध जरुरीपेक्षा जास्त शोषलं जातं. पापण्यांवर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही नाही.

किती लावायचं. 'पातळसं लावा' या सूचनेतून सगळे गोंधळतात, आणि बहुतेक लोक इतकं पातळ लावतात की औषध कामच करत नाही. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून एक सरळ रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. मोठ्या माणसाचे दोन पंजे, बोटांसकट, जेवढी जागा झाकतील तेवढ्या जागेला ही एक रेघ पुरते. ट्यूबचं तोंड फार बारीक असेल तर रेघ जरा जास्त लागेल.

वयाप्रमाणे अंदाज असा. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाच्या पूर्ण चेहरा-मानेला एक पेर, एका पूर्ण हाताला एक, एका पूर्ण पायाला दीड. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चेहरा-मान दीड, हात दीड, पाय दोन. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला चेहरा-मान दीड, हात दोन, पाय तीन. हे माप त्या भागावर सगळीकडे इसब असेल तरचं आहे. नुसत्या कोपराच्या घडीत असेल तर पाव-अर्धं पेर खूप झालं.

पंधरा ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशी तीस पेरं निघतात. दोन वर्षांच्या मुलाच्या दोन्ही कोपरांना आणि गुडघ्यांमागे मिळून रोज एक पेर लागत असेल, तर ती महिनाभर पुरायला हवी. तीन दिवसांत संपली तर फार जास्त लावताय, आणि तीन महिने पुरली तर कमी.

क्रम. आधी मॉइश्चरायझर अंगभर. मग साधारण अर्धा तास थांबायचं, ते मुरू द्यायचं. मग स्टेरॉइड फक्त खडबडीत, उठलेल्या जागांवर. दोन्ही वाटीत एकत्र कालवून लावणं ही फार नेहमीची चूक आहे. औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं. काही डॉक्टर आधी स्टेरॉइड आणि मग मॉइश्चरायझर सांगतात, त्यानेही चालतं. दोन्हींच्या मध्ये थोडा वेळ मात्र जाऊ द्या. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलंय ते एकच धरा आणि घरातल्या सगळ्यांनी तसंच करा.

किती दिवस. डॉक्टरांनी दिलेले दिवस ही वरची मर्यादा. त्या मर्यादेच्या आत थांबायचं कधी, ते बोटाने ठरवा. खडबडीतपणा आणि खाज जाऊन कातडी हाताला मऊ लागली की त्यानंतर आणखी दोन दिवस लावा आणि थांबा. लाली कमी दिसली म्हणून दुसऱ्या दिवशी थांबलात तर आतली सूज तशीच राहते आणि आठवड्याभरात तिथेच परत उठतं.

उलट चूकही होते. इसब बरा झाल्यावर तिथे काळसर किंवा फिकट पांढरा डाग राहतो. काळा डाग जात नाही म्हणून लोक स्टेरॉइड चालूच ठेवतात, आणि पांढरा दिसला की 'कोड आलं' म्हणून घर घाबरून जातं. हे डाग बरं झाल्याच्या खुणा आहेत. हाताला मऊ लागत असेल तर औषधाचं काम संपलेलं आहे. रंग हळूहळू, काही महिन्यांत भरतो. त्याला मॉइश्चरायझर पुरे. डाग खडूसारखा एकदम पांढराफटक असेल, कडा ठळक असतील, तर मात्र दाखवा.

## टप्पा ५: बरं झाल्यावर काय

इथे बहुतेकजण सगळंच सोडतात. मॉइश्चरायझर रोज चालूच ठेवायचं, अंगावर काही नसलं तरी. एकाच जागी परत परत उठत असेल तर डॉक्टर बऱ्याचदा 'आठवड्यातून दोन दिवस' पद्धत देतात. त्याच नेहमीच्या जागांवर, लागोपाठ दोन दिवस, उदाहरणार्थ शनिवार-रविवार, स्टेरॉइड लावायचं आणि बाकी पाच दिवस नुसतं मॉइश्चरायझर. याने पुढचा भडका टळतो आणि वर्षभराचं मिळून औषध कमी लागतं. ही पद्धत स्वतःहून सुरू करू नका. ती सुरू असेल तर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवा.

दोन वर्षांवरच्या मुलांना चेहऱ्यासाठी कधी कधी 'टॅक्रोलिमस ०.०३ टक्के' देतात. हे स्टेरॉइड नाही. सुरुवातीचे काही दिवस ते चुरचुरतं, नंतर थांबतं. चुरचुरलं म्हणून पहिल्याच दिवशी फेकून देऊ नका, आणि लावल्यावर त्या जागेला कडक ऊन लागू देऊ नका.

## टप्पा ६: रात्रीची खाज

दिवसभर बरं असलेलं पोर रात्री अकराला रडत उठतं आणि गाल उशीला घासायला लागतं. त्यावेळी "खाजवू नको" म्हणून ओरडून उपयोग नाही. ते बाळाच्या हातात नाही. नखं दर दोन-तीन दिवसांनी कापा आणि कडा घासून घ्या. तान्ह्याला पातळ सुती हातमोजे घाला. खाज सुटली की थंड पाण्यात पिळलेलं मऊ फडकं त्या जागेवर पाच मिनिटं ठेवा, मग लगेच मॉइश्चरायझर. मॉइश्चरायझरची वाटी थंड जागी ठेवली तर लावताना जास्त बरं वाटतं.

झोप येण्यासाठी सर्दीचं किंवा ॲलर्जीचं सिरप स्वतःहून पाजू नका. इसबाची खाज त्याने फारशी थांबत नाही, बाळाला नुसती गुंगी येते. फार त्रास असेल तर डॉक्टर ओल्या कपड्याची पद्धत दाखवतात: मॉइश्चरायझर, त्यावर ओलसर सुती कपडा, त्यावर कोरडा. ती शिकून घेतल्याशिवाय करू नका, आणि जखम ओली असेल, पिकली असेल तर अजिबातच नाही.

## टप्पा ७: कपडे, अंथरूण आणि आपली हवा

अंगाला लागून फक्त सुती. कापडाचं गाव इचलकरंजी जवळ आहे, मऊ मलमल शोधायला लांब जावं लागत नाही. नवा कपडा आधी धुवा, मानेचं लेबल कापा, तान्ह्याचं झबलं शिवण बाहेर करून घातलं तरी चालतं. कपडे दोनदा खळबळा, साबण राहता कामा नये. लोकरीचं टोपडं किंवा स्वेटर थंडीत घालायचाच असेल तर आत सुती थर हवा. घोंगड्यावर बाळाला थेट निजवू नका. वाकळ चांगली, पण जुनी वाकळ धुळीचं आगार असते. ती कडक उन्हात घाला, झटका, आणि वर धुतलेली सुती चादर घाला. वाकळीची वरची साडी नायलॉनची असेल तर चादर हवीच.

पावसाळ्यात राधानगरी, गगनबावड्याकडच्या घरांत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कुबट वासाचा, अर्धवट वाळलेला कपडा बाळाला घालू नका, इस्त्री फिरवा. भिंतीला ओल धरली असेल तर पाळणा त्या भिंतीपासून हलवा. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आसपास वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, तेव्हा बाळाचे कपडे घरात वाळवा. पाचट पेटवलेलं असेल तर बाळ बाहेर नको. एप्रिल-मेमध्ये घाम हा सगळ्यात मोठा शत्रू. खेळून आलेल्या मुलाचा घाम साध्या पाण्याने धुवा, टिपा आणि मॉइश्चरायझर लावा.

जोतिबाला जाणार असाल तर गुलाल बाळाच्या अंगावर पडणारच. निघण्याआधी चेहरा, मान आणि हातांना जेलीचा थर द्या, पूर्ण बाह्यांचं सुती घाला, आणि उतरल्यावर साध्या पाण्याने लगेच धुवा. उठलेलं असताना मात्र त्या दिवशी बाळाला घरी ठेवणंच बरं. रंगपंचमीचंही तेच. मनगट्या, वाळे, करगोटा यांच्याखाली घाम आणि साबण साचतो. खाली पुरळ दिसत असेल तर काढून ठेवा.

## टप्पा ८: खाणं. इथे कमीत कमी करा

बाळाला इसब आला की आईचं वांगं, अंडी, मटण, शेंगदाणे, आंबट असं सगळं बंद करतात. नुसतं भाकरी-दूध खाऊन ती अशक्त होते, आणि इसब तिथेच राहतो. बहुतेक मुलांचा इसब एखादा पदार्थ तोडून बरा होत नाही. अंगात 'उष्णता' झाली म्हणून तो येत नाही.

ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलटी झाली, तर तो पदार्थ थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. असं काही नसेल तर सहा महिन्यांनंतरचं वरचं अन्न वेळेवर सुरू करा. अंडं, शेंगदाण्याची पातळ पेज किंवा दाण्याचं कूट मुद्दाम लांबवू नका. इसब जोरात असेल तर ती सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. अख्खा शेंगदाणा लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतो.

लसी वेळेवर द्या. इसब आहे म्हणून लस चुकवू नका. बाळाला तोंडावाटे स्टेरॉइड चालू असेल तर तेवढं लस देणाऱ्यांना सांगा.

## डॉक्टरांकडे जायला कधी थांबायचं नाही

त्याच दिवशी दाखवा: जागा ओली झाली, मधासारखी पिवळी खपली धरली, पू आला, भोवती गरम लागतंय, ताप आहे. हा जंतुसंसर्ग असतो, नुसत्या स्टेरॉइडने तो भागत नाही. घरात पडलेलं अँटिबायोटिक मलम लावून वाट बघू नका.

रात्र असली तरी निघा: एकाच मापाच्या बारीक पाणीदार फोडांचा किंवा टोचल्यासारख्या खोलगट जखमांचा पुंजका, झपाट्याने पसरणारा, दुखणारा, सोबत ताप आणि बाळ मलूल. ओठावर 'जर', म्हणजे पाणीदार फोड, येतो, त्याच नागिणीच्या जातीच्या विषाणूने इसबाच्या कातडीवर हे होतं. डोळ्याजवळ असेल तर नजरेलाही धोका असतो. याच कारणाने ओठावर 'जर' आलेल्या माणसाने इसब असलेल्या बाळाचा पापा घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

आठवड्याभरात दाखवा: एक-दोन आठवडे सगळं नीट करूनही फरक नाही, बाळाची झोप किंवा वजन कमी होतंय, किंवा स्टेरॉइड थांबवताच दर वेळी परत उठतंय.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डबे पिशवीत घेऊन जा. रिकामे, नाव पुसलेले, शेजारणीने दिलेले, सगळे. 'पांढरी ट्यूब, निळं टोपण' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. मोबाइलवर दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो दाखवा, कारण नेमका दाखवायच्या दिवशी इसब दबलेला असतो. वही बरोबर असू द्या. त्या दिवशी सकाळी डागांवर कुठलंही मलम लावू नका, म्हणजे कातडी जशी आहे तशी डॉक्टरांना दिसेल.